डावीकडे अळणी, उजवीकडे खारट

सॉन बोंगनिमच्या जिभेची चव ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गेली, आणि नोव्हेंबर संपत आला तरी आमच्या गल्लीला त्याचा पत्ता नव्हता. आमच्या गल्लीत हे अजबच म्हणायचं. इथे कुणाच्या सुनेनं नवा राइस कुकर घेतला, तर त्यातला पहिला भात शिजायच्या आत कुकरचा रंग, आकार आणि तो कुणाच्या हट्टापायी आला हे सगळं लाँड्रीपर्यंत पोचलेलं असतं. लाँड्रीतून पुढे ते कपड्यांबरोबर इस्त्री होऊन घरोघर जातं. तरीही साडेतीन महिने बोंगनिमनं ही गोष्ट दातांच्या आत ठेवली. बाई खमकी, यात वाद नाही.

बोंगनिम चौसष्ट वर्षांची. अंगानं ठेंगणी, डोक्यावर बारीक कुरळ्या केसांचं टोपलं, कमरेला बारा महिने जांभळा अ‍ॅप्रन. जोंजू शहरात विद्यापीठाच्या मागच्या फाटकातून बाहेर पडून चढ चढलात की तिसरं घर तिचं. गल्ली तिला चेहुनची आई म्हणते. हा चेहुन उल्सानला जहाजांच्या कारखान्यात असतो आणि फोनवर 'हं' आणि 'बरं' एवढे दोनच शब्द वापरतो. तिच्याकडे राहून-जेवून असणारी मुलं मात्र तिला मावशी म्हणतात. सव्वीस वर्षांत तिला अशी किती भाचरं झाली याची मोजदाद नाही. एके काळी घरात अकरा-अकरा असायची. आता मुलांना स्वतःचं कुलूप असलेली खोली हवी असते आणि जेवणाचं काय, कोपऱ्यावर चोवीस तास उघडं दुकान आहेच. उरली तीन मुलं, आणि मागची एक खोली. त्या खोलीत विद्यापीठ दर सहा महिन्यांनी परदेशातून अदलाबदलीवर आलेला एकेक विद्यार्थी पाठवतं.

घर म्हणाल तर नळ रुसका, जिना कुरकुरा, आणि खालून तापणारी जमीन एका कोपऱ्यात पाय भाजते तर दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचायचंच विसरते. लोक टिकले ते मावशीच्या हाताला. जोंजूत प्रत्येक बाई शेजारणीच्या स्वयंपाकाला नाक मुरडत मोठी होते. तिथे सव्वीस वर्षं हाताचं नाव राखायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही.

झालं ते असं. पावसाळी उकाड्यात तिला ताप आला. पाचव्या दिवशी ताप गेला आणि जाताना चव आणि वास दोन्ही सोबत घेऊन गेला. सकाळी तिनं मोड आलेल्या सोयाबीनच्या सूपचा चमचा तोंडात घेतला, तर नुसतं कोमट पाणी. तिनं मीठ घातलं. तरी कोमट पाणी. आणखी घातलं. मग तिला शंका आली. बरणीतून चिमूटभर जवळ्याचा खार काढून तिनं जिभेवर ठेवला. एरवी ज्यानं डोळे मिटतात, तो खार तोंडात ओल्या वाळूसारखा पडून राहिला. लाल तिखट तेवढं भाजलं. पण भाजणं म्हणजे काही चव नव्हे.

बस थांब्याजवळचा कान-नाक-घशाचा डॉक्टर पोरगेला होता. तो म्हणाला, "येते हो आजी, बहुतेक परत येते. कुणाची तीन महिन्यांत, कुणाची वर्षानं. कुणाकुणाची..." आणि तो संगणकाकडे वळून काहीतरी टाइप करायला लागला. बोंगनिम गोळ्यांची पुडी घेऊन घरी आली. वाटेत तिला अर्धवट वाक्यापेक्षा त्या 'आजी'चाच जास्त राग येत होता, असं ती स्वतःला सांगत राहिली.

तिची खरी काळजी सूपची नव्हती. काळजी होती नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारची. दरवर्षी त्या दिवशी गल्लीतली सात घरं मिळून बोंगनिमच्या अंगणात हिवाळ्याची किमची, म्हणजे खारवलेल्या कोबीचं तिखट लोणचं, घालतात. एकशे चाळीस कोबी. कोबी खारवायला सगळ्या, मुळा किसायला सगळ्या, बोलायला तर सगळ्याच. पण मसाला कालवून झाल्यावर मीठ आणि खार बेताचा आहे की नाही, हे सांगायचा मान एकटीचा. तो बोंगनिमचा. तिनं 'बास' म्हटलं की बास. त्या एका शब्दावर सात घरं पुढच्या वसंतापर्यंत जेवतात. पहिल्या घरातली म्हातारी तर दुपारी भाताबरोबर किमचीखेरीज दुसरं काही खातच नाही. आणि हा मान गेली सव्वीस वर्षं ज्या बाईला हवाय, ती समोरच राहते. लाँड्रीवाली, हेरानची आई. दक्षिणेच्या किनाऱ्यावरची, योसूची. तिचं दरवर्षी एकच म्हणणं, मासळीचा खार कमी पडला. आणि बोंगनिमचं दरवर्षी एकच उत्तर, "हे जोंजू आहे. मासे बघायचे असतील तर बसनं जा."

आता अशा बाईला जाऊन सांगायचं, की माझी जीभ गेली?

बोंगनिमनं हाताच्या अंदाजावर भिस्त ठेवली. इतकी वर्षं ज्या मुठीनं मीठ घातलं, ती मूठ काही विसरत नाही. पण घरचा सोया सॉस मडक्यात मुरेल तसा खारट होत जातो, कोबी कधी पाणी सोडतो कधी नाही, आणि मूठ बिचारी तीच. मुलं काही बोलली नाहीत. तिघांत थोरला दोग्यू, सैन्यातली सक्तीची नोकरी करून परत आलेला, आणि बाकीचे दोघं तो करील तसं करणारे. वडीलधाऱ्या बाईला मीठ जास्त झालंय म्हणून सांगायचं, ही रीत त्यांच्या घरी नव्हती. ती खाली मान घालून जेवत, "खूप छान जेवलो, मावशी" म्हणत आणि वर जात.

सप्टेंबरात एका गुरुवारी बोंगनिम कचरा वेगळा करत होती. कागद इकडे, प्लास्टिक तिकडे, बाटल्या पलीकडे. प्लास्टिकच्या पिशवीत तिला कप नूडलचे सात रिकामे कप सापडले. स्वच्छ धुतलेले, एकात एक बसवलेले, तळाशी वर्तमानपत्राखाली लपवलेले. मुलांनी मावशीचं मन राखलं होतं आणि कचऱ्याचे नियमही पाळले होते. त्या सात कपांसमोर ती उकिडवी बसून राहिली. रागवावं तर कुणावर?

मागच्या खोलीत तेव्हा लीस राहायला आली होती. लीस एस्टोनियाची, एकवीस वर्षांची, उंच, पांढुरकी, आणि इतकी नम्र की बघणाऱ्याला दम लागावा. वस्तू दोन्ही हातांनी द्यावी हे तिला भाषेच्या वर्गात शिकवलं होतं. तिनं ते इतकं मनावर घेतलं, की कचऱ्याच्या गाडीवरच्या माणसालाही पिशवी दोन्ही हातांनी, वाकून, मानपत्र दिल्यासारखी दिली. तो माणूस गोंधळून स्वतःही वाकला. रस्त्यात हेरानची आई सवयीनं विचारी, "काय गं, जेवलीस का?" तर लीस जागच्या जागी थांबून सांगे, "नाही. मी सात वाजता जेवेन. दुपारी मी भात आणि अंडं खाल्लं होतं." हेरानच्या आईला आयुष्यात पहिल्यांदा कुणी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. पुढचे दोन दिवस लाँड्रीत तोच विषय.

बोंगनिमनं तिला सार्वजनिक स्नानगृहात नेलं आणि खरखरीत हातमोज्यानं तिची पाठ घासली. लीस उकडलेल्या कोळंबीसारखी लालबुंद होऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आभारी आहे, मावशी." तिला पळून जायचं होतं हे तिच्या कानांवरून दिसत होतं. पण अंगावर एक चिंधी नसताना माणूस पळणार कुठे?

आणि जेवताना तर दोघींची गंमतच व्हायची. लीसच्या घरी ताटात काही टाकलं तर आजी रागवायची, म्हणून ती वाटी चाटूनपुसून रिकामी करी. आमच्याकडे रिकामी वाटी म्हणजे पोट भरलं नाही. बोंगनिम पुन्हा भरी. लीस पुन्हा रिकामी करी. तिसऱ्या वाटीला लीसच्या कपाळावर घाम यायचा आणि बोंगनिम मनाशी म्हणायची, त्या देशात पोरींना खायला देत नाहीत की काय.

अशा या मुलीला बोंगनिमनं आपली जीभ करायचं ठरवलं. तिघा मुलांना सांगितलं तर त्यांच्या आयांना कळणार. गल्लीत सांगितलं तर सांगायलाच नको. लीस तेवढी बाहेरची.

एका दुपारी तिनं लीसला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सूपचा चमचा तिच्या तोंडात घातला.

"कसं झालंय?"

"मावशी, हे अन्न अतिशय चविष्ट आहे."

"मीठ?"

"चविष्ट आहे."

बोंगनिमला संशय आला. दुसऱ्या दिवशी तिनं सूपमध्ये मीठ घातलंच नाही. लीस म्हणाली, चविष्ट आहे. तिसऱ्या दिवशी तिनं तीन मोठे चमचे मीठ ओतलं. लीसनं घोट घेतला. तिचे डोळे पाणावले, नाकपुड्या थरथरल्या, गळा वर-खाली झाला. "मावशी," ती म्हणाली, "मी मनापासून आस्वाद घेईन."

झालं. उभ्या जोंजूत बोंगनिमला एकच जीभ मिळाली होती, आणि तिला सौजन्याखेरीज दुसरं काही बोलता येत नव्हतं.

पण खाणावळ चालवणाऱ्या बाईचं लक्ष तोंडापेक्षा टेबलावर असतं. त्या खारट दिवशी लीस चार पेले पाणी प्यायली होती. अळणी दिवशी एकही नाही. बोंगनिम पेले मोजायला लागली. दोन पेले म्हणजे मीठ थोडं वर. एक म्हणजे बरं. तीन म्हणजे सूपमध्ये पाणी घाला. आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी लीस पाच पेले प्यायली, बोंगनिमनं निम्मं सूप ओतून नवं केलं, आणि मग कळलं की लीस विद्यापीठातून चढ पळत आली होती.

त्या दिवशी बोंगनिमनं हात टेकले. तिनं लीसला समोर बसवलं. बशीत मीठ, साखर आणि जवळ्याचा खार काढला. मिठाचा अख्खा चमचा स्वतःच्या तोंडात घातला आणि लीसकडे बघत राहिली. चेहरा दगडाचा. मग साखर. तसाच चेहरा. मग खार. लीस आधी हसली, तिला वाटलं खेळ आहे. मग तिचं हसू विरत गेलं.

"नाही?" तिनं बोटानं जिभेकडे खूण केली.

"नाही."

"केव्हापासून?"

"तू यायच्या आधीपासून. तू माझ्या हातचं खरं जेवण जेवलीच नाहीस, पोरी."

लीसनं बशी बाजूला सरकवली. मग तिनं जुळवून जुळवून सांगितलं. वर्गात बाईंनी शिकवलं होतं, मोठ्या माणसानं वाढलेल्या जेवणाला नावं ठेवायची नाहीत. आणि तिच्या घरी आजी कधी विचारतच नाही. चांगलं झालं असेल तर सगळे गप्प असतात. वाईट झालं असेल तरी गप्पच असतात.

"मग तुम्ही बोलता कधी?" बोंगनिमनं विचारलं.

लीसनं खरंच विचार केला. "सुट्टीत," ती म्हणाली.

तोंडानं 'खारट' म्हणायला लीसला जमेना. चार वेळा प्रयत्न केला, दर वेळी कान लाल झाले आणि बाहेर आलं ते 'चविष्ट'. तेव्हा पाण्याच्या पेल्यावर ठरलं. जेवायला बसल्यावर लीसनं पहिला घास घ्यायचा आणि पेला ठेवायचा. वाटीच्या डावीकडे म्हणजे अळणी, उजवीकडे म्हणजे खारट, वाटीच्या पुढे मधोमध म्हणजे बरोबर. मुलं खाली यायच्या पाच मिनिटं आधी हा कार्यक्रम व्हायचा. कधी मुलं लवकर आली तर त्यांच्या देखतही चालायचा. दोग्यूला वाटे, परदेशात पेला सरकवत जेवायची पद्धत असेल.

ऑक्टोबर बरा गेला. लीसची जीभ, तिखटाचं सोडा, पण मिठाला फार नेमकी निघाली. तिच्या गावाकडे आजी दर शरद ऋतूत पिंपात कोबी खारवते आणि देठ मोडून, चावून, मीठ किती मुरलं ते बघते. लीस लहानपणापासून त्या पिंपाशी बसलेली. गुरुवारच्या कचऱ्यात कप कमी होत होत एकावर आले. बोंगनिमनं तो एक कपही हातात धरून पाहिला, आणि मनाशी म्हणाली, हा परीक्षेच्या अभ्यासाचा असेल.

किमचीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी टबांत कोबी खारवत पडला होता. लीसनं एक देठ वाकवला, चावला, मान हलवली आणि बोट वर केलं. एक तास अजून. बोंगनिमनं एक तास थांबून कोबी धुतला. हेरानच्या आईनं देठ चावून पाहिला आणि तिला काही खोट काढता आली नाही, म्हणून ती पाणी फार गार असल्याबद्दल बोलली.

दुसऱ्या दिवसाचा बेत दोघींनी नीट आखला होता. अंगणात टेबल नाही, पण नळाशेजारी बुटका कट्टा आहे. मसाला कालवून झाला की लीस एक घास खाणार, पाणी पिणार आणि पेला कट्ट्यावर ठेवणार. नळाच्या डावीकडे, उजवीकडे, किंवा नळाखाली.

शनिवारी सकाळी अंगणात प्लास्टिकचा कागद अंथरला गेला. सात घरच्या बायका लाल रबरी हातमोजे चढवून मांडी घालून बसल्या. मोठ्या टबात मुळा, पात, लसूण, आलं, जवळ्याचा खार आणि लाल तिखट यांचा डोंगर. बोंगनिम कोपरापर्यंत हात घालून कालवत होती. चुलीवर डुकराचं मांस उकडत होतं. वासानं सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, एकीचं सोडून.

एक गोष्ट मात्र बेत आखताना बोंगनिमच्या ध्यानात आली नाही. ध्यानात येणार कशी, ती इतकी रोजची आहे. ताज्या मसाल्याचा गोळा कोबीच्या आतल्या पिवळ्या पानात गुंडाळायचा आणि शेजारणीच्या तोंडात कोंबायचा, ही आमच्याकडची रीत. नाही म्हणायची सोय नाही, कारण तोंड उघडलं की पान आत. आणि यंदा अंगणात एक नवं, गोरं, नम्र तोंड बसलेलं.

"ए बाळ, आ कर," पहिल्या घरची म्हातारी म्हणाली.

लीसनं आ केला. तिखटानं तिचे कान पेटले. "अतिशय चविष्ट आहे."

"ऐकलंत? आपल्या बायकांपेक्षा गोड बोलते. हे घे, माझ्या हातचं."

"तिचं काय खातेस, तिनं लसूणच गुंडाळलाय नुसता. माझं खा."

"आता माझं. माझं नाही खाल्लंस तर मला वाटेल मी म्हातारी म्हणून."

"तू म्हातारी आहेसच की."

"म्हणूनच."

लीसनं सात घरांची अकरा पानं खाल्ली. दर पानाला दोन्ही हात जोडून वाकली. अकराव्याला तिच्या डोळ्यांतून, नाकातून धारा लागल्या होत्या आणि बायका कौतुकानं तिची पाठ थोपटत होत्या. बोंगनिम टबापाशी उभी राहून हे बघत होती. 'पुरे करा गं' म्हणावं, तर का म्हणून सांगणार?

"हं, चेहुनची आई," हेरानच्या आईनं सुरुवात केली. "माझ्या मते मासळीचा खार कमी आहे. पण माझं कोण ऐकतंय. तू सांग."

"तिनं चाखलंय कुठे अजून," कुणीतरी म्हणालं.

बोंगनिमनं पान गुंडाळलं, तोंडात घातलं, चावलं. ओली वाळू आणि जाळ. तिनं नळाकडे पाहिलं. लीस कट्ट्याशी उभी होती. ती एक पेला पाणी प्यायली होती, मग दुसरा, मग तिनं थेट नळाला तोंड लावलं होतं. ओठ सुजलेले, जीभ बाहेर. तिनं बोंगनिमकडे पाहिलं आणि पेला उचलला. डावीकडे नेला. थांबली. उजवीकडे नेला. थांबली. पुन्हा छातीशी घेतला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला. तिच्या जिभेवर आता मीठही लागत नव्हतं आणि साखरही. अंगणात दोन बाया एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. चव दोघींनाही नाही.

"बोल की गं. कोबी वाळतोय," हेरानची आई म्हणाली.

'बास' म्हणायला काय लागतं? एक शब्द. सव्वीस वर्षं म्हटलेला. म्हणायचा आणि बसायचं. बोंगनिमनं तोंड उघडलंसुद्धा. समोर पहिल्या घरची म्हातारी मान वर करून, लहान मुलासारखी वाट बघत बसली होती.

"यंदा," बोंगनिम म्हणाली, "हेरानची आई सांगेल."

हेरानच्या आईनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, जणू त्या नावाची दुसरी बाई कुठे बसलीय.

"मी?"

"तूच. ओत काय ओतायचंय ते."

हेरानच्या आईनं मासळीच्या खाराची बाटली उचलली. सव्वीस वर्षं जिची वाट पाहिली ती गोष्ट हातात आली, तर बाईनं बाटलीवरची चिठ्ठी आधी दोनदा वाचली. तिनं दोन पळ्या खार ओतला, चाखलं, अर्धी पळी आणखी ओतला. "बास," ती म्हणाली, पण हळूच, विचारल्यासारखं.

बायकांनी चाखलं. कुणी 'हं' म्हणालं. कुणी म्हणालं, "योसूला जाऊन आल्यासारखं वाटतं. बसचा त्रास वाचला." म्हातारी चावत राहिली.

दुपारभर पानांत मसाला भरताना हेरानची आई बोंगनिमच्या शेजारी येऊन बसली. एक कोबी भरून झाला तसं तिनं हलकेच विचारलं.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"मला शिकवू नकोस. मी लोकांच्या शर्टावरचे डाग वाचते."

"ऑगस्ट," बोंगनिम म्हणाली.

"तरीच. ती खारवलेली पानं दिली होतीस ना तू, सणाला. बाई गं. नवरा रात्रभर पाणी पीत होता."

"तू तर म्हणालीस, फार छान झाली होती."

"मग काय म्हणणार होते? भांडं तर धुऊन परत द्यायचं होतं."

"सांगितलं असतंस तर."

"मला वाटलं, मुद्दाम केलंस. मागच्या वर्षीच्या भांडणाचा राग काढलास. मी म्हटलं, आपण नाही हरायचं. संपवली सगळी."

बोंगनिमला हसू आलं, आणि हसताना डोळे पुसायला हात वर गेला. हातमोज्याला तिखट होतं. मग काय, पुढची पंधरा मिनिटं दोघी नळावर.

सोमवारपर्यंत गल्लीला कळलं. हेरानच्या आईला इतकं मोठं गुपित दोन दिवसांहून जास्त पेलायचं, हे तिच्या प्रकृतीला झेपण्यासारखं नव्हतं. मग घरोघरून उपाय आले. सुया टोचून घे. आलं चघळ. लसूण हुंग. दुधीभोपळ्याचा काढा घे. आणि प्रत्येक घरातून एकेक आठवण बाहेर आली. सप्टेंबरातलं अळणी सूप, ऑक्टोबरच्या आधीचा खारट मुळा. सगळ्यांनी खाल्लं होतं आणि सगळ्यांनी छान म्हटलं होतं. जन्मात कधी गप्प न बसलेली गल्ली एकदाच गप्प बसली, आणि तीही नको तिथे.

तीन महिने उलटून गेले होते. बोंगनिम रोज सकाळी जिभेवर मिठाचा खडा ठेवून भिंतीकडे बघत बसायची. मग तो थुंकून टाकायची.

लीसची सहामाही डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संपली. बोंगनिमनं तिच्या आजीसाठी किमचीचा डबा पाच पिशव्यांत गुंडाळून दिला. विमानतळाच्या बसची वाट बघत दोघी थांब्यावर उभ्या होत्या. तोंडातून वाफ निघत होती. लीसच्या हातात यंत्रातल्या कॉफीचा कागदी कप होता. शनिवारची किमची आता मुरली होती, मुलं रोज खात होती, आणि बोंगनिमला एवढंच हवं होतं की कुणीतरी एकदा खरं सांगावं.

"लीस, ती किमची. कशी झालीय?"

"मावशी," लीस म्हणाली, "ही किमची अतिशय चविष्ट आहे."

बोंगनिमनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. ते वर्गात शिकलेलं वाक्य होतं, तेच, शब्दाला शब्द. मग तिची नजर कपावर गेली. कप दोन्ही हातांत, छातीशी. थांब्यावर ना टेबल, ना कट्टा. लीसच्याही ते लक्षात आलं. तिनं आजूबाजूला पाहिलं, कप ठेवायला जागा शोधत. तेवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं बॅगा आत टाकल्या, लीस तीन वेळा वाकली, दार मिटलं. काचेआड तिनं हात हलवला तेव्हा कप दिसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोंगनिम सूपसमोर पळी धरून उभी होती. मागचं दार न वाजवता उघडलं आणि हेरानची आई आत आली. अ‍ॅप्रनच्या एका खिशात स्वतःचा चमचा, दुसऱ्यात बाटली.

"बघू." तिनं चमचा बुडवला, चाखला. "अळणी."

"मग मीठ घाल."

हेरानच्या आईनं बाटलीचं बूच काढलं.

"सोयाबीनच्या सूपमध्ये मासळीचा खार कोण घालतं गं?"

"जिला चव कळते ती."

बोंगनिमचा हात बाटली अडवायला अर्ध्यावर गेला. मग तिथेच थांबला. अडवून करणार काय? तिनं खार पडताना पाहिला, आणि सवयीनं त्याच्या वासाची वाट पाहिली.

दोग्यू आणि बाकीचे दोघं खाली आले, बसले. दोग्यूनं पहिला चमचा घेतला, क्षणभर थांबला, दुसरा घेतला.

"कसं झालंय?" बोंगनिमनं विचारलं. हेरानची आईही दाराला टेकून उभी.

"छान झालंय, मावशी," दोग्यू म्हणाला आणि मान खाली घालून जेवायला लागला.

बोंगनिमनं त्याच्या पेल्याकडे पाहिलं. पेला वाटीच्या पुढे, मधोमध होता. पण तो तर रोज तिथेच असायचा.